प्रश्न उद्भवत नाहीं !

शेतकरी बंधूंनो, विधानसभेंतील प्रश्नोत्तरांची छापील यादी तुमच्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिली असेल. ती पाहण्यासारखी असते. आमदार लेखी विचारतो, अमुक ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत एका खाटेवर दोन दोन रोगी निजवावे लागतात हें खरें आहे काय ? असल्यास शासनानें काय कार्यवाही केली ? नसल्यास विलंबाचीं कारणें काय ? त्याखालीं मंत्रिमहाशयांचें उत्तर असतें. हें अंशतः खरें आहे. प्रस्ताव विचाराधीन आहे. प्रश्न उद्भवत नाहीं.

ज्या चतुर कारकुनाच्या लेखणींतून हा ‘अंशतः’ प्रथम उतरला त्यास एखादी जहागीर द्यावयास हरकत नव्हती. एका खाटेवर दोघे असले तर तें पुरतेंच खरें असतें. त्यांतला एक मेला म्हणजे मात्र अंशतः होतें!

नांदेडची गोष्ट तुम्ही विसरलां नसाल. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत २४ माणसें दगावलीं. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. पुढल्या एका दिवसांत आणखी ७ गेलीं. मंजूर खाटा ५०० आणि आंत रोगी त्याच्या दुपटीहून अधिक, असें तेथें जाऊन आलेल्या पुढाऱ्यांनींच सांगितलें. त्याच्या आधीं ऑगस्टांत ठाण्याजवळ कळव्यास महापालिकेच्या रुग्णालयांत चोवीस तासांत १८ रोगी गेले होते. मुंबईच्या उच्च न्यायालयानें स्वतःहून दखल घेतली तेव्हां सरकारतर्फे सांगण्यांत आलें कीं, रोगी अगदीं शेवटच्या अवस्थेंत आले, खासगी दवाखान्यांनीं पाठविलेले आले, रुग्णालयांवर भार फार.

त्याच दिवसांत एका खासदारानें नांदेडच्या प्रभारी अधिष्ठात्याच्या हातीं झाडू देऊन त्याच्याकडून शौचकूप साफ करविला. त्याचीं चित्रें देशभर फिरलीं व पुष्कळांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हांस तें मुळींच आवडलें नाहीं. सफाई कामगारांच्या किती जागा रिकाम्या आहेत हें मंत्र्यास उभें करून विचारण्याचा ज्यास अधिकार, त्यानें नोकराच्या हातीं केरसुणी द्यावी ! आणि झाडू हातीं घेणें ही ज्यास शिक्षा वाटते, त्यास झाडूवाल्याविषयीं काय वाटतें हें वेगळें सांगावयास नको.

भार फार, हें खरें. पण भार आकाशांतून पडत नाहीं. सरकारच्याच नियमाप्रमाणें सपाटीच्या मुलखांत ५,००० वस्तीस एक उपकेंद्र व ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे. डोंगरी व आदिवासी भागांत ३,००० व २०,००० वस्तीस. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग जिल्हा. आतां कुणब्याची लेक अडली आहे असें समजा. आरोग्य केंद्राची इमारत असते, पाटी असते, नर्सबाईहि असते, डॉक्टर नसतो. पुढल्या ठिकाणीं डॉक्टर भेटला तर भूल देणारा नसतो, रक्ताची बाटली नसते. प्रत्येक दारीं एकच चिठ्ठी मिळते, पुढें न्या. जिल्ह्याच्या ठिकाणीं ती उतरते तेव्हां रात्र सरलेली असते, गाडीभाड्यांत बकरी गेलेली असते, नवऱ्याची आठवड्याची मजुरी बुडालेली असते. आणि सभागृहांत उत्तर येतें कीं रोगी उशिरा येतात. वरचे बांध फुटले म्हणजे सगळें पाणी खालच्या वावरांत तुंबतें. त्या वावरास दोष देऊन काय उपयोग ?

दिल्लीस विचारावें तर तेथें निराळाच प्रकार. लोकसभेंत दररोज २० प्रश्न तोंडी उत्तरासाठीं व २३० लेखी उत्तरासाठीं घेतात. रुग्णालयांचा प्रश्न आला कीं आरोग्यमंत्र्यांचें उत्तर बहुधा एकाच वाक्यानें सुरू होतें : सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयें हा राज्यांचा विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचींत तसें आहे खरें. पण राज्यांत तरी एक धनी आहे काय ? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रांत उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. नांदेडचें रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचें, कळव्याचें महापालिकेचें. आजाऱ्यानें कोणाच्या दारीं पडावें हें आधीं खातें पाहून ठरवावयाचें !

प्रश्न फारच टोचूं लागला म्हणजे मंत्री म्हणतात, आम्ही कायदा करणार आहों. २००९ सालीं केंद्रानें राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा मसुदा केला. त्याचा कायदा झाला नाहीं. राजस्थानानें मार्च २०२३ मध्यें आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टरांनीं संप पुकारला आणि एप्रिलांत तडजोड होऊन पुष्कळ खासगी रुग्णालयें त्याच्या बाहेर राहिलीं. बरें, हक्क मुळींच नाहीं असेंहि नाहीं. १९९२ च्या जुलैंत बंगालमधील एक शेतमजूर आगगाडींतून पडला व डोक्यास जबर मार बसला. खाट रिकामी नाहीं, साधनें नाहींत, असें सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं त्यास परत फिरविलें. शेवटीं खासगी रुग्णालयांत सुमारें १७,००० रुपये मोजावे लागले. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयांत गेली. १९९६ सालीं निकाल झाला कीं, जीव वाचविण्याची मदत वेळेवर न देणें हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैसा नाहीं ही सबब चालणार नाहीं. २५,००० रुपये भरपाईहि मिळाली. म्हणजे हक्क केव्हांच मिळाला आहे. खाट तेवढी मिळावयाची आहे.

आमच्या वाडवडिलांनीं हें पूर्वींहि पाहिलें आहे. १९२३ सालीं रावबहादुर बोले यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत ठराव मंजूर करवून घेतला कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घ्यावयास २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि डॉ. आंबेडकरांबरोबर हजारों माणसांस तळ्यापर्यंत चालत जावें लागलें.

नव्या कायद्यास आमचा विरोध नाहीं. पण तुमचा आमदार गांवीं येईल तेव्हां त्याच्याशीं कायद्याची चर्चा करीत बसूं नका. त्याच्या हातीं एक कागद द्या. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांच्या जागा मंजूर किती ? आज भरलेल्या किती ? उरलेल्या कोणत्या तारखेस भरणार ? या प्रश्नास ‘अंशतः’ चालत नाहीं, आंकडा द्यावा लागतो. आणि मंत्र्यानें सभागृहांत ‘भरूं’ म्हटलें कीं तें आश्वासन होतें. तें पाळलें कीं नाहीं हें पाहण्यास विधिमंडळाची आश्वासन समिति आहे.

हिंवाळी अधिवेशन नागपुरास भरतें. प्रश्न बरेच दिवस आधीं द्यावा लागतो, म्हणून दिवाळीच्या आंतच तो कागद आमदाराच्या हातीं पडूं द्या. एक नक्कल आमच्याकडे पाठवा. उत्तर येईल तें या पत्रांत जसेंच्या तसें छापूं.