स्वस्तात मिळालेले विमान

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानातील अनेक धावपट्ट्यांवर एक विलक्षण माल गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा होता. अमेरिकन लष्कराची दोन इंजिनांची मालवाहू विमाने परत मायदेशी नेण्यापेक्षा येथेच विकून टाकणे त्या सरकारला सोयीचे होते. ब्रिटिशांनी या विमानाला ‘डकोटा’ म्हटले आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. मूळचे ते डग्लस कंपनीचे डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पुढे युद्धाच्या गरजेने त्याच्या दहा हजारांहून अधिक प्रती बनल्या. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेली ती यांनी, ब्रह्मदेशाच्या जंगलात सैन्याला धान्य आणि दारूगोळा पोहोचवला तोही प्रामुख्याने यांनीच.

यंत्र म्हणून डकोटा साधे, पण अतिशय सोशिक होते. प्रत्येकी सुमारे बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, पंखांत अनेक आडव्या तुळयांची बांधणी, त्यामुळे एखादा भाग थकला तरी भार दुसरा पेलत असे. शेपटीखाली लहान चाक असल्याने विमान जमिनीवर नाक वर करून उभे राही आणि प्रवाशांना आपल्या आसनापर्यंत चढण चढावी लागे. आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. म्हणून ते फार उंचावरून जात नसे, आणि पावसाळ्यातील प्रवास चांगलाच हादरवणारा होई. मात्र पक्की धावपट्टी नसलेल्या मातीच्या मैदानावरही ते उतरू शके. ज्या देशात मोजकेच चांगले विमानतळ होते, तेथे या गुणाचे मोल मोठे होते.

लष्करी विमान प्रवासी वाहतुकीस योग्य करण्याचे बरेचसे काम बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात झाले. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये उभारला तो सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने. जपानने युद्धात उडी घेताच सरकारने १९४२ साली वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे कारखाना अमेरिकन वायुदळाच्या उपयोगासाठी दुरुस्तीचे केंद्र बनला. नवी विमाने बांधण्याचे स्वप्न बाजूला राहिले. कारागिरांचे हात मात्र मोठ्या विमानांच्या उघडझाकीत तयार झाले. युद्धानंतर लष्करी डकोटा आत आणि आसने बसवलेले प्रवासी डकोटा बाहेर, हा त्या कारखान्याचा मोठा उद्योग झाला. वालचंद अध्यक्ष असलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १९४३ साली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही बंद पडलेली विमान कंपनीही घेऊन ठेवली होती. समुद्रातील जहाजांनंतर आकाशातील जहाजे, असा तो सरळ हिशोब होता.

असा हिशोब करणारे ते एकटे नव्हते. टाटांची कंपनी १९४६ च्या जुलैत एअर-इंडिया या नावाने सार्वजनिक झाली. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअरवेज (इंडिया), हिमालयन एव्हिएशन, कलिंग, अंबिका, ज्युपिटर, डालमिया-जैन अशी नावे दोन-तीन वर्षांत पुढे आली. यातील बहुतेकांच्या ताफ्याचा कणा एकच, युद्धातून उरलेला डकोटा. नव्या विमानाच्या किमतीच्या एका अंशात तो मिळत होता. भांडवल थोडे लागते असे दिसले की धंद्यात गर्दी होतेच, मग तो धंदा कापडाचा असो वा आकाशाचा. परवाने देणाऱ्या मंडळानेही हात आखडता घेतला नाही.

खरी अडचण खरेदीनंतर सुरू झाली. डकोटा स्वस्त मिळाला, तरी वैमानिकाचा पगार, विमा, विमानघराचे भाडे आणि पेट्रोलवरील कर स्वस्त नव्हते. इंजिन ठरावीक तास चालले की संपूर्ण उघडून दुरुस्त करावेच लागे, त्यात सवलत नसे. उलट विमान जमिनीवर उभे राहिले तरी निम्मा खर्च चालूच. म्हणजे नफा विमानाच्या किमतीवर नव्हे, तर ते वर्षात किती तास हवेत राहते आणि किती आसने भरून जाते यावर अवलंबून होता. प्रवासी तर मोजकेच, आणि ते इतक्या कंपन्यांत वाटले गेलेले. त्यातच सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. सुमारे ३ रुपये ३० पैशांना मिळणारा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला आणि अमेरिकेतून येणारा प्रत्येक सुटा भाग त्या प्रमाणात महागला. अंबिका आणि ज्युपिटर यांचे दिवस लवकरच भरले. डालमिया-जैन एअरवेजही १९५२ साली अवसायनात निघाली.

या तोट्याच्या काळातच डकोटाने व्यापाऱ्यांची एक मोठी सोय केली. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे आणि चारही मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होऊन पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, विमानाने लवकर पोहोचणारे साधे पत्रही जादा आकाराशिवाय विमानानेच पाठवण्याची योजना दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या काळात अमलात आली. मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या आगगाडीला दीड-दोन दिवस लागत. आता संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी पेढीवर पोहोचू लागले. बाजारभाव, मालाची मागणी, बिलाची पोच या साऱ्यांचा वेग बदलला. सेवा चालवणाऱ्या कंपन्या मात्र बदलत राहिल्या. पहिली थकली, मग हिमालयन एव्हिएशन आली, पुढे डेक्कन एअरवेजने भार घेतला. विमान डकोटाच राहिले.

सरकारने धंद्याची तपासणी करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५० च्या अहवालात समितीचे म्हणणे स्पष्ट होते: गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले, देशातील वाहतूक फार तर चार कंपन्यांना पोसू शकेल. राष्ट्रीयीकरणाची घाई मात्र करू नये, असेही तिने सुचवले. पहिले कोणी मनावर घेतले नाही आणि दुसरेही फार काळ पाळले गेले नाही. स्वेच्छेने एकत्र येण्याची वेळ असताना प्रत्येकाने आपली पाटी जपली. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाल्या. नव्या महामंडळाच्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होती. वालचंदशेठ त्याच वर्षी ८ एप्रिलला निवर्तले. बंगळुरूचा कारखाना त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेला होता. सिंदियाची विमान कंपनी त्यांच्या पश्चात चार महिन्यांच्या आत गेली.

विमानांना मालक बदलल्याचा काही फरक पडला नाही. रंग बदलला, नाव बदलले, मार्ग बहुतेक तेच राहिले. फोकर आणि अॅव्हरो आल्यावर डकोटा हळूहळू लहान गावांच्या आणि मालवाहतुकीच्या वाट्याला गेले आणि सत्तरच्या दशकात प्रवासी सेवेतून दिसेनासे झाले. भारतीय वायुदलात ते त्याहूनही अधिक टिकले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीला श्रीनगरला उतरवणारी विमाने हीच होती. त्या दिवसांत खासगी कंपन्यांचे डकोटाही सैन्य वाहून नेण्यास लावले गेले होते.

यांपैकी बहुतेकांचा शेवट भंगाराच्या तराजूवर झाला. एका परदेशी डकोटाचे नशीब वेगळे निघाले. १९४४ साली बनलेले हे विमान ब्रिटिश वायुदलातून नागरी सेवेत गेले, अनेक हातांतून फिरले आणि निकामी होऊन पडले. राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवले. त्यांचे वडील वायुदलात डकोटाचे वैमानिक होते. दुरुस्त विमान त्यांनी वायुदलाला देऊ केले, तेव्हा पहिल्यांदा सरकारने ही भेट नाकारली. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो निर्णय फिरला. श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा व्हीपी-९०५ हा क्रमांक त्याच्यावर रंगवण्यात आला, ‘परशुराम’ असे नाव दिले गेले. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून निघाले, युरोप आणि अरबस्तानात ठिकठिकाणी इंधन घेत २५ तारखेला जामनगरला उतरले आणि ४ मे रोजी हिंडन तळावर वायुदलाच्या ताफ्यात दाखल झाले. तेव्हा त्याचे वय ७४ वर्षांचे होते.