गाय हप्त्याची, शेळी हाताची

१९८६ सालचा उन्हाळा. मी तेव्हा माण तालुक्यातल्या एका बँक शाखेत शेतीकर्जे पाहत असे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची प्रकरणे टेबलावर साचली होती. त्यात एका भूमिहीन बाईचा अर्ज होता.

"सायेब, मला गाय नगं. चार शेरडं द्या," ती म्हणाली.

मी तिला समजावले. संकरित गाय भरपूर दूध देते, डेअरीचा पगार नियमित मिळतो, कर्जावर एक तृतीयांश अनुदान आहे. हे सगळे खरेच होते. शाखेला गायींचे उद्दिष्ट गाठायचे होते, एवढे मात्र मी सांगितले नाही. बाईने अंगठा उठवला.

पुढच्या उन्हाळ्यात वसुलीला गेलो, तेव्हा गोठा रिकामा होता. विहीर आटली, चारा महागला, गाय मिळेल त्या किमतीला विकली. हप्ते तेवढे उरले. तिने मला तांब्याभर पाणी दिले आणि म्हणाली, "दावणीला बांधली तवा पाणी इचारलं न्हाई, सायेब, तुमी बी आन् मी बी."

निवृत्तीनंतरही ते वाक्य माझा पाठलाग सोडत नाही. हवामान बदलाच्या चर्चा कानावर आल्या, की हटकून आठवते. दुष्काळ माणदेशाला नवा नाही. १९७२ चा आम्ही लहानपणी पाहिला. पण आता संकटांना महिना-हंगाम राहिलेला नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये जनावरे चारा छावण्यांत उसाच्या वाढ्यांवर जगली. मार्च २०१४ मध्ये गारपिटीने गोठे झोडपले. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे-नगरकडच्या मेंढपाळांच्या मेंढ्या शेकड्यांनी दगावल्या.

अशा दिवसांत अल्पभूधारकाने काय पाळावे? होल्स्टीन आणि जर्सी ही मुळात थंड मुलखातली जनावरे. ऊन तापले की त्यांच्या संकरित लेकी धापा टाकतात, चारा सोडतात, दूध आटते, गाभ राहणे लांबते. आपली खिल्लार ऊन सोसते, पण तिचे दूध वासराला पुरले तरी पुष्कळ. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि झाडपाल्यावर निभावते, पुष्कळदा जुळी देते. शिवाय मुलाचे आजारपण निघाले तर एक शेळी विकता येते. गाय पावभर विकता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर गाय ही मुदतठेव आणि शेळी हे बचत खाते. गरिबाला आधी बचत खाते लागते.

याचा अर्थ संकरित गाय वाईट, असे मुळीच नाही. तिच्या दुधावर पश्चिम महाराष्ट्रातली हजारो पोरे शिकली. मात्र जिथे मे महिन्यात पाणी आणि सावली आहे तिथेच ती शोभते. गोठ्याचे छप्पर उंच हवे, दोन्ही बाजूंनी वारा खेळता हवा. चारा पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून मोठी वैरण पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाकावी. पावसाळ्यात मका हिरवा असतानाच कुट्टी करून, दाबून, हवाबंद ठेवला, तर तो मुरघास उन्हाळ्यात कामी येतो. शेळीलाही पीपीआरची लस आणि पावसात कोरडा आडोसा हवाच.

यातले काहीही महाग शास्त्र नाही. अडते ते पैसा देणाऱ्याच्या टेबलावर. आपण जनावराला कर्ज देतो. त्याच्या सावलीला, मुरघासाच्या खड्ड्याला, विम्याला देताना मात्र हात आखडतो. उत्पन्नाचा हिशेब चांगल्या वर्षाचा मांडतो आणि हप्ते वाईट वर्षातही मागतो. घरातल्या पोराच्या ताटातले दूध आणि अंडे टिकवायचे, तर हिशेब वाईट वर्षाचाच मांडायला हवा.

माझ्या जागी आज बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांना एकच विनंती आहे. अर्जात गाईची किंमत, दुधाचा भाव, जामीनदार यांचे रकाने असतात. त्यांच्या आधी एक रकाना स्वतःच्या हाताने आखा : मे महिन्यात पाणी कुठले? आणि समोरची बाई शेरडे मागत असेल, तर आधी तिला विचारा, का म्हणून. तिने तो रकाना घरूनच भरून आणलेला असतो.