पंक्चर झाली तर काय करशील?

आमच्या शहापूर-मुरबाड भागात बाईने गाडी चालवायचं नाव काढलं की घरातून एक प्रश्न हमखास येतो, "वाटेत पंक्चर झाली तर काय करशील?" बैठकीला येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेचा नवरा कंपनीच्या बसने जातो. मोटरसायकल दिवसभर ओट्याला टेकून उभी. ही मात्र रोज चार किलोमीटर चालते. तिलाही हेच उत्तर मिळालं होतं.

मी हसले होते. मग गेल्या पावसाळ्यात, किन्हवली ते सरळगाव रस्त्यावर, संध्याकाळी सात वाजता माझ्याच संस्थेच्या गाडीचं मागचं चाक बसलं. तासभर ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात चर्चा टायरची झाली नाही, माझी झाली. लांबचे पाडे बायकांना देऊ नयेत, असं एकाने सुचवलंही. दुसऱ्याने उपाय सांगितला, टायर घरीच बदलायला शिका, दुकानाचे पैसेही वाचतील.

शिकले. नाक्यावरच्या पंक्चरवाल्या भाऊंनी आधी "ताई, हे बायांचं काम नाही" म्हटलं, मग नीट शिकवलं. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, एक्सलचा नट सोडायचा, चाक काढायचं, हवा पूर्ण काढायची. साबणाचं पाणी लावून टायरची कड लिव्हरने थोडी थोडी उचलायची. नवा टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं आणि कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवायची, मग शेवटची वीत जोर न लावता आत जाते. पहिल्या खेपेला मी जोर लावला आणि लिव्हरखाली नवी कोरी ट्यूब चिमटली. घरात पंक्चर काढायला बसलेल्या बाईने स्वतःच पंक्चर केलं! चाक परत लावल्यावर चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, ब्रेक लागतो ना, हे पाहिल्याशिवाय निघायचं नाही, हे भाऊंनी तीनदा बजावलं.

मला अडीच तास लागले, भाऊंना वीस मिनिटं लागतात. त्यांची मजुरी दीडशे रुपये. टायर बदलायची वेळ दोन-तीन वर्षांतून एकदा येते. पैसे वाचतात म्हणणाऱ्याने माझा रविवार फुकट धरला होता. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. त्या २९९ मध्ये आता टायरही घालायचा का? हेच काम दुकानात पुरुष करतो तेव्हा मजुरी, आणि आपण घरी केलं की काटकसर! म्हणून टायर मी आता दुकानातच बदलते आणि पावती संस्थेला लावते. ट्यूबलेस टायर तर रिमला इतका घट्ट बसतो की तो मशीनवरच काढलेला बरा.

मग शिकून काय मिळालं? दुकानात उभं राहण्याची पद्धत बदलली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. एका दुकानात मला "नवा" म्हणून दिलेला टायर चार वर्षांचा निघाला, मी परत केला. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का, नवी ट्यूब घालण्याआधी आतून हात फिरवून काटा-खिळा पाहिला का, हे मी विचारते. आणि रस्त्यात अडकले तर चाक काढून ठिगळ लावण्याएवढं येतं. ट्यूबलेस असेल तर चाकही काढावं लागत नाही, पट्टी खुपसून हवा भरली की निघता येतं.

हा धंदाही बायकांना जमतो. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात शांतीदेवींनी वर्षानुवर्षं ट्रकची चाकं खोलली. आपल्याकडे बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं की अजून शिलाई मशीनच आधी आठवतं. शहापुरात घरटी ब्लाउज शिवणारी आहे, ब्लाउज शिवायला टाकणारी कुठून आणायची? गाड्या मात्र पाड्यापाड्यावर आहेत.

गेल्या महिन्यात त्या सेविकेच्या अंगणात आम्ही सातजणींनी तिच्या नवऱ्याची गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक काढलं, ट्यूब काढून पाण्यात बुडवून पाहिली, परत बसवलं. तो ओट्यावर बसून बघत होता. संध्याकाळी तिने किल्ली मागितली.

तो म्हणाला, "लायसन्स कुठाय?"

सोमवारी तिच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरायला बसतोय. आणखी दोघी येणार आहेत.