रणगाड्याला चिखल कुठला लावू?



प्लॅस्टिकचं किट कसं जोडायचं आणि त्यावर पहिला हिरवा रंग कसा चढवायचा, हे आपण मागच्या अंकांत पाहिलं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून आलेलं एक पत्र आज घेतो. लिहिणारा आठवीत आहे. मामांनी दिलेला १/३५ मापाचा सेंच्युरियन रणगाडा त्याने जोडलाय, रंगवलाय, आणि आता तो लढाईतून आल्यासारखा दिसावा अशी त्याची इच्छा आहे. प्रश्न तीन. जिल्हा परिषदेच्या मैदानातली माती फेविकॉलमध्ये कालवून लावली तर चालेल का? गंज किती दाखवू? आणि गोळा लागल्याचं भोक पाडून बाजू काळी करू का?

पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत त्याच्या आईची एक ओळ आहे: ‘एवढा छान रंगवलेला रणगाडा हा घाण का करतोय, ते जरा तुम्हीच सांगा.’

ताई, आधी तुमचंच उत्तर देतो. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. १/३५ मापाचा रणगाडा म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही ३५ पट लहान. ३५ ला ३५ ने दोनदा गुणलं की येतात ४२,८७५. ५१ टनांना या आकड्याने भागलं, तर घरातल्या मॉडेलचं वजन जवळजवळ १ किलो १९० ग्रॅम असायला हवं. प्रत्यक्षात ते प्लॅस्टिकचं, पोकळ, एका हातात सहज उचललं जाणारं. नुसता हिरवा रंग दिलेला रणगाडा म्हणूनच खेळण्यासारखा दिसतो, कारण डोळ्यांना त्याचं वजन कळत नाही. तळाशी बसलेला चिखल, चाकांच्या कडांची झीज, कोपऱ्यांत साचलेली धूळ, हे सगळं पाहिलं की डोळे फसतात आणि म्हणतात, अरे, हा जड आहे! तेव्हा तो घाण करत नाहीये, वजन वाढवतोय. (टेबलावर वर्तमानपत्र अंथरायला मात्र त्याला जरूर सांगा.)

हे ३५ पटींचं गणित आलं कुठून, याचीही एक गंमत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठरवला. मग माप काढलं, तर ते खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं! पुढे तेच माप जगभर रूढ झालं. एका बॅटरीने काय काय ठरवलं बघा.

आता मातीकडे वळू. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

मैदानातली माती थेट लावायची नाही. कारणं दोन. पहिलं कारण मापाचं. मातीत एक मिलिमीटरचा बारीक खडा असला, तर १/३५ च्या जगात तो साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. त्या जगातला माणूस जेमतेम पाच सेंटिमीटर उंच आहे, हे लक्षात ठेवा. अर्ध्या सेंटिमीटरचं ढेकूळ म्हणजे त्या माणसाच्या हाताएवढा धोंडा! त्यामुळे माती कुठलीही घ्या, ती आधी जुन्या तव्यावर कोरडी भाजायची (आईला विचारून, आणि चपात्यांच्या तव्यावर नाही), थंड झाली की खलात कुटायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडक्याखाली टाल्कम पावडरसारखं जे पडेल, तेवढंच आपलं. वर उरलेलं कुंडीत टाका.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. मातीला पत्ता असतो. मराठवाड्याची माती काळ्या बेसॉल्ट दगडाची झीज होऊन बनलेली, म्हणून ती काळी आणि ओली झाली की चपलेला धरून ठेवणारी. सेंच्युरियन इथे कधी लढला नाही. तो लढला पंजाब आणि जम्मूच्या सरहद्दीपलीकडे. तिथली माती हिमालयातल्या नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाची, फिकट, भुरकट करडी. औरंगपुऱ्याची माती लावलीत, तर तुमचा रणगाडा औरंगपुऱ्यातच लढून आलेला दिसेल!

म्हणून रंगाला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवायची: हा रणगाडा कुठला, आणि कुठल्या दिवशीचा? पत्रलेखकाने तेही लिहिलंय. त्याला अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा करायचाय. मग ती हकिकत माहीत हवीच.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं शिक्षण घेत होते. तिथून त्यांना रेजिमेंटकडे परत बोलावलं गेलं. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात बसंतर नदीजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा हल्ला आला. पूना हॉर्सचे सेंच्युरियन नदीचं पात्र आणि सुरुंग पेरलेला पट्टा ओलांडून पुढे गेलेले होते. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’, सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं. शत्रूचे रणगाडे एकामागून एक टिपताना फामागुस्तालाही गोळा लागला आणि त्याने पेट घेतला. बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवर आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं कळवून त्यांनी रणगाडा सोडायला नकार दिला, आणि लढतानाच त्यांना मरण आलं. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आता या हकिकतीतून चिखल कसा शोधायचा ते पाहा. महिना डिसेंबरचा. पावसाळा संपून बरेच दिवस झालेले, शेतं कोरडी. म्हणजे रणगाड्याच्या वरच्या भागावर फिकी, कोरडी धूळ. पण तो नदीच्या पात्रातून आलेला आहे. म्हणजे चाकांवर, पट्ट्यांवर आणि बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या कडेला ओल्या गाळाचा थर. वर कोरडं, खाली ओलं. झाला नकाशा तयार!

हाच सेंच्युरियन सोडून कुणी १९६५ चा पाकिस्तानी पॅटन करत असेल, तर नकाशा साफ बदलतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणजवळ, असल उत्तरला, आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं. पॅटन त्या चिखलात रुतले आणि उसाच्या आडून टिपले गेले. तिथला चिखल म्हणजे लढाईचा निकालच. त्या पॅटनला चिखल लावताना हात आखडता घेऊ नका.

आपल्याला हवी ती फिकट माती विकत कुठे मिळेल? लांब जायला नको. वाण्याकडे मुलतानी माती मिळते. मुलतान शहर पाकिस्तानातल्या पंजाबातलं. त्यात चिमूटभर गेरू, चिमूटभर कोळशाची पूड. कागदावर थोडं थोडं मिसळून पाहा, भुरकट करडी छटा आली की थांबा. ही पूड, तेवढंच फेविकॉलचं पाणी (फेविकॉल एक भाग, पाणी एक भाग) आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब. साबण कशाला? नुसत्या पाण्याचे थेंब प्लॅस्टिकवर गोळा होऊन बसतात, साबणाने ते पसरतात आणि खाचांत शिरतात. हे मिश्रण जुन्या टूथब्रशने टेकवत टेकवत चाकांवर आणि तळाकडे लावायचं. ब्रश ओढायचा नाही, नुसता टेकवायचा.

पहिला थर पूर्ण वाळू द्या, तो झाला जुना चिखल. मग त्याच मिश्रणात थोडा तपकिरी पोस्टर कलर घालून काही ठिकाणीच दुसरा थर द्या, तो झाला ताजा. माठावर पाणी सांडलं की तिथली माती गडद दिसते ना? ओला चिखलही तसाच, कोरड्यापेक्षा गडद आणि किंचित चकचकीत. अगदी ताज्या भागावर चकचकीत वार्निशचं एखादं बोट फिरवा. एखादंच हं!

चिखलाच्या आधी करायची दोन कामं आहेत, ती पटकन सांगतो. एक म्हणजे ‘वॉश’. गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करायचा आणि खाचांत, झाकणांभोवती, खिळ्यांच्या डोक्यांभोवती सोडायचा. अर्ध्या तासाने कापसाच्या बोळ्याने वरून खाली पुसायचा, पावसाचं पाणी ओघळतं तसा. तुमचा हिरवा रंग इनॅमल असेल, तर टर्पेंटाइनने तो उचलला जाईल, तेव्हा वॉश पाण्यातल्या रंगाचाच करा. दुसरं म्हणजे कोरडा ब्रश. मूळ हिरव्यात थोडा फिकट पिवळा मिसळायचा, ब्रश वर्तमानपत्रावर जवळजवळ रिकामा होईपर्यंत पुसायचा आणि कडांवरून हलकेच फिरवायचा. पांढरा मिसळू नका, रणगाडा खडू चोळल्यासारखा दिसतो.

गंजाचं काय? बहुतेक मुलं गंज फार दाखवतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही. लढाईतला रणगाडा भंगारातला नसतो. त्याची निगा राखणारी चार माणसं त्याच्यासोबत असतात. सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला पट्ट्यांच्या वर धुराचे नळकांडे आहेत, तिथे उष्णतेने रंग जळतो, तिथे गेरू वापरा. बाकी ठिकाणी रंग उडतो तो माणसांच्या बुटांनी आणि हातांनी: झाकणांच्या कडा, चढायच्या जागा. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर पुसा आणि तेवढ्याच जागी टेकवा. पट्ट्यांचा जो भाग जमिनीवर घासतो, तो लोखंडासारखा चकाकला पाहिजे. त्यासाठी ६ बी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा. चांदीच्या रंगापेक्षा ते कितीतरी खरं दिसतं.

खरा सेंच्युरियन पाहायचा असेल, तर बाबांना अहिल्यानगरला घेऊन चला म्हणावं. पुण्याच्या रस्त्याने शंभरावर किलोमीटर. तिथे १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. पट्ट्यांची जाडी, कड्यांची ठेवण, तोफेची लांबी, सगळं डोळ्यांत साठवा. पण रंग मात्र तिथला उचलू नका! संग्रहालयातले रणगाडे प्रदर्शनासाठी धुतलेले, पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात. त्यावरून १६ डिसेंबरची सकाळ कळत नाही. ती कळते युद्धकाळातल्या छायाचित्रांवरून. युद्धात पाकिस्तानच्या हाती पडलेला फामागुस्ता पुढे परत आला. तो अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. जिथे खेत्रपाल शिकत होते, तिथेच.

राहिला तिसरा प्रश्न, भोकाचा. तापवलेल्या सुईने भोक पडतं, मेणबत्तीच्या काजळीने बाजू काळी होते, कठीण काहीच नाही. पण दोस्ता, मला विचारशील तर पाडू नकोस. त्या भोकाच्या आत चार माणसं होती. एकविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या रणगाड्यावरचा तो डाग शोभेसाठी करायचा नसतो. त्यापेक्षा त्या सकाळी गोळा लागण्याआधीचा फामागुस्ता कर: पात्रातून नुकताच वर आलेला, पट्ट्यांना ओला गाळ, तोफ समोर, झाकण उघडं. तरीही गोळा लागलेलाच करायचा असेल, तर आधी त्या लढाईचं वाच, बाबांशी बोल आणि मग ठरव. तुझं मॉडेल आहे, निर्णय तुझा.

शेवटची सूचना क्रमाची. धूळ लावण्याआधी मॅट वार्निश मारून घ्यायचं. नंतर मारलंत, तर वार्निश सगळी धूळ पिऊन टाकतं आणि दोन दिवसांचं काम गायब! स्प्रे असेल तर तो मोठ्या माणसाने, गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून मारायचा. टर्पेंटाइनचं झाकणही काम झालं की लगेच लावायचं, आणि खिडकी उघडी. मग मऊ ब्रशने गाळलेली कोरडी पूड वरच्या सपाट भागांवर आणि बुरुजाच्या मागे हलकेच भुरभुरायची, तोंडाने फुंकर घालून जास्तीची उडवायची. वाळायला ठेवाल ते सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिकची तोफ वाकते.

पुढच्या अंकात या रणगाड्याखालची जमीन करू. बसंतरच्या काठचं वाळलं गवत केरसुणीच्या काड्यांतून छान होतं. तेव्हा घरातली जुनी केरसुणी टाकू नका.