देवळाबाहेरचा बिननावाचा वीर



तुमच्या गावातल्या मारुतीच्या, भैरोबाच्या नाहीतर महादेवाच्या देवळाबाहेर एखादा उभट कोरीव दगड आहे का, आठवून पाहा बरं! दोन-तीन हात उंच, त्यावर एकावर एक चौकटी आणि चौकटींत छोटी छोटी माणसं. कुठे त्याला शेंदूर फासलेला असतो, कुठे त्याच्यावर धुणं आपटतात, तर कुठे तो पायरी म्हणून बसवलेला असतो. या दगडाचं नाव वीरगळ. लढताना, पुष्कळदा आपलं गाव आणि गावची गुरं राखताना, मेलेल्या माणसाचं ते स्मारक.

‘वीरगळ’ हा शब्द आपल्याकडे कानडीतून आला. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ! महाराष्ट्रातले कितीतरी वीरगळ शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले, म्हणजे ७००-८०० वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने आहेत.

आता हा दगड वाचायचा कसा? अक्षरं शोधू नका. चित्रं वाचायची, आणि तीही खालून वर.

सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई असते. कुणाच्या हातात ढाल-तलवार, कुणाच्या हातात धनुष्यबाण. कधी वीर आडवा पडलेला दिसतो. तिथे गाई कोरलेल्या असतील तर समजा, की गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. तुम्ही म्हणाल, गुरांसाठी जीव द्यायचा? अहो, तेव्हा गुरं हेच धन! बैल गेले की नांगरट थांबली, गाई गेल्या की दूधदुभतं गेलं. गुरं गेली की सगळं गाव उपाशी. मग कुणीतरी धावून जायलाच हवं होतं.

मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. अगदी वर कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य कशाला? तर ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, म्हणून! कुठे तीन चौकटी असतात, कुठे चार-पाच. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर गावच्या वीरगळांवर तर चक्क वल्ही मारणाऱ्या नावा आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या किकली गावी भैरवनाथाच्या देवळापाशी असे अनेक वीरगळ एकत्र पाहायला मिळतात.

वर्गात फळ्यावर वीरगळ काढून दाखवला, की एक प्रश्न हमखास येतो. “बाई, त्याचं नाव काय होतं?”

कर्नाटकात पुष्कळ वीरगळांवर लेख असतात. बंगळूरजवळच्या बेगूर इथल्या सुमारे ११०० वर्षांपूर्वीच्या वीरगळावर तर बंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या शहराचं इतकं जुनं नाव आपल्याला कळलं, ते लढाईत पडलेल्या माणसाच्या दगडावरून! आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर मात्र एकही अक्षर नाही. तो शेतकरी होता, गुराखी होता की राजाचा शिपाई, हे सांगायला आज कुणी उरलेलं नाही. त्याच्यासाठी पाथरवटाकडून कुणीतरी मेहनतीनं घडवून घेतलेला तो दगड तेवढा उरलाय.

आणि म्हणूनच तो जपायला हवा. रस्ता रुंद होताना वीरगळ उखडले जातात, देवळाचा जीर्णोद्धार होताना पायात गाडले जातात. ऑइल पेंटचे थर बसले की नाक-डोळे, तलवारी सगळं बुजून जातं. नाव तर आधीच गेलंय. दगडही गेला, तर तो माणूस होता हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

मग तुम्ही काय करायचं? सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात वीरगळ पाहायला जा. दुपारी सपाट दिसणारं कोरीवकाम तेव्हा उठून दिसतं. चौकटी मोजा, शस्त्रं ओळखा, गाई आहेत का ते पाहा आणि वहीत चित्र काढा. दगड खरवडू नका, खडूनं रंगवू नका, तेलही ओतू नका. जागेवरून हलवू तर मुळीच नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, याला काय म्हणतात? एखादी गोष्ट ऐकायला मिळालीच, तर तीही लिहून ठेवा.

पालकांनाही एक विनंती. १०० वर्षांहून जुनं कोरीव शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. गावात देवळाचं किंवा रस्त्याचं काम निघालं, तर वीरगळाची गोष्ट सरपंचांच्या कानावर आधीच घाला. तुमच्या एका शब्दानं दगड वाचू शकतो.

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी वही-पेन्सिल घ्या आणि निघा! काढलेलं चित्र सोमवारी वर्गात लावा. खाली गावाचं नाव लिहा, आणि वीराच्या नावाची जागा मोकळी ठेवा.

– तुमच्या बाई