पाच मतं कमी पडली

रणांगणावर जायबंदी झालेला माणूस निवडणुकीला उभा राहिला, की त्याच्याआधी त्याची जखम प्रचाराला लागते. जखमेला मी वंदन करतो, पण मत मागायला ती पुरेशी वाटत नाही. त्या माणसाने नंतर सत्तेत बसून कुणाचं दुःख हलकं केलं, हेच विचारायला हवं. बॉब डोल आणि डॅनियल इनोये हे दोन अमेरिकी नेते या कसोटीला उतरतात, म्हणून मला ते जवळचे वाटतात.

दोघेही एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपत आलं असताना, आठवड्याभराच्या अंतराने इटलीत कोसळले. कॅन्ससच्या डोल यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. हवाईचे इनोये मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून जात असताना त्यांच्या उजव्या हाताच्या चिंधड्या झाल्या. त्या निर्जीव मुठीत जिवंत हातबॉम्ब होता. तो त्यांनी डाव्या हाताने सोडवला आणि शत्रूवर फेकला. या तरुणाला सर्जन व्हायचं होतं.

इनोये यांचे आईवडील जपानी वंशाचे. पर्ल हार्बरनंतर अशा तरुणांना अमेरिकी सरकारने शत्रुदेशाच्या माणसांत जमा केलं आणि सैन्याची दारं लावून घेतली. मुख्य भूमीवर तर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. १९४३ मध्ये भरती खुली होताच इनोये गेले. लढून, हात देऊन मायदेशी परतले, तर अंगावर गणवेश असतानाही एका न्हाव्याने ‘जपान्याचे’ केस कापायला नकार दिला.

मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या लष्करी रुग्णालयात या दोघांची गाठ पडली. पुढे काय करणार, असं इनोयेंनी विचारलं तेव्हा डोल यांनी सगळा बेत सांगितला: आधी गावाकडे वकिली, मग राज्याचं विधिमंडळ, मग वॉशिंग्टन. इनोयेंना तो पटला आणि तेच आधी पोहोचले! १९५९ मध्ये हवाईला राज्याचा दर्जा मिळाला आणि ते काँग्रेसमध्ये आले; डोल १९६१ मध्ये. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. मैत्री आयुष्यभर टिकली.

सिनेटमधलं पहिलं भाषण डोल यांनी १४ एप्रिल १९६९ रोजी केलं. तारीख त्यांच्या जखमेची, विषय अपंगांचे प्रश्न. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामागेही ते ठामपणे उभे राहिले. इनोयेंनी छावण्यांचा विषय धरला. थेट भरपाई मागण्याऐवजी आधी चौकशी आयोग नेमा, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्याच समाजातल्या काहींना हे वेळकाढूपणाचं वाटलं. मला मात्र यात त्यांची खरी राजकीय समज दिसते. छावण्यांत राहिलेली माणसं आयोगापुढे बोलू लागली, देशाला ते ऐकावं लागलं आणि १९८८ च्या कायद्याने सरकारची माफी व हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर मिळाले.

आता ४ डिसेंबर २०१२. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार सिनेटसमोर होता. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याचीच छाप असलेला करार. ८९ वर्षांचे डोल चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आले. त्यांच्याच पक्षाचे सदस्य येऊन त्यांना भेटले आणि त्यांतल्या बहुतेकांनी नंतर कराराविरुद्ध मत दिलं. सार्वभौमत्वाला धोका, हे कारण. बाजूने ६१, विरोधात ३८. हवी होती ६६.

मला या मतदानाचा आजही संताप येतो. ज्या जखमेच्या सन्मानार्थ हे लोक जागेवरून उठून आले, ती जखम जे मागत होती तेवढं मात्र त्यांना देववलं नाही. इनोये त्यानंतर तेरा दिवसांनी गेले, डोल २०२१ मध्ये. भारताने हा करार २००७ मध्येच स्वीकारला. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यातूनच आला. अमेरिकी सिनेटने अजून या कराराला मंजुरी दिलेली नाही.