संगणकाची ओळख : हिशेबाचा नियम एकाच जागी



आपल्या घरातली मुले-मुली आता पायथनसारखी संगणकाची भाषा शिकू लागली आहेत. त्यांनी पुढची एक पायरी जरूर शिकावी. ती म्हणजे ‘स्टोअर्ड प्रोसिजर’.

बचत गटाचेच उदाहरण घेऊ. एखाद्या भगिनीने कर्जाचा पाचशे रुपयांचा हप्ता भरला. आता नोंदी दोन करायच्या. तिची बाकी पाचशेने कमी आणि गटाची रोकड पाचशेने जास्त. पहिली नोंद झाली आणि दुसरी राहिली, तर हिशेब चुकला. कष्टाच्या पैशाचा घोळ झाला की भांडण उभे राहते.

म्हणून ही सगळी रीत डेटाबेसमध्येच लिहून ठेवायची आणि तिला एक नाव द्यायचे. समजा, ‘हप्ता_जमा’. हीच स्टोअर्ड प्रोसिजर. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००५ सालच्या ५.० आवृत्तीपासून आहे. मग कार्यालयातला संगणक असो वा मोबाईल, प्रत्येक प्रोग्रामने फक्त तिला हाक मारायची. नियम बदलला तर एकाच जागी दुरुस्ती.

पायथनमधून ही हाक मारायला ‘कॉलप्रोक’ आहे. त्याला प्रोसिजरचे नाव आणि सोबत सभासद क्रमांक व रक्कम द्यायची. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या पायथन कनेक्टरवर काम करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, शेवटी ‘कमिट’ करा. तसे केले नाही आणि प्रोसिजरनेही केले नसेल, तर जोडणी बंद होताच नोंदी पुसल्या जातात. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. मध्येच चूक झाली तर ‘रोलबॅक’ करा, म्हणजे अर्धी नोंद उरत नाही.

दुसरी, प्रोसिजरने शिल्लक बाकी परत पाठवली असेल, तर ती ‘कॉलप्रोक’ने परत दिलेल्या यादीत शोधा. तुम्ही दिलेली मूळ यादी बदलत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. नोंदी करणाऱ्याच्या खात्याला फक्त प्रोसिजर चालवण्याचा अधिकार द्या, मूळ तक्त्यांचा देऊ नका. मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर एरवी ती बनवणाऱ्याच्या अधिकाराने चालते, म्हणून काम अडत नाही. पण कुणाची बाकी परस्पर बदलताही येत नाही. मात्र प्रोसिजरच्या आत बाहेरून आलेली अक्षरे जोडून आज्ञा बनवली, तर चोरवाट उघडीच राहते. तसे करू नका.

मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती आणि पायथन दोन्ही फुकट मिळतात. घरच्या वहीतले दहा हिशेब घ्या आणि सराव करा. मुद्दाम मध्येच चूक घडवून पाहा. तरीही दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, तर विद्या हाताशी आली असे समजा.